फायलींतली मोडी

मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सुरू झाला. सेनापती बापटांचा लढा हरला, गावे पाण्याखाली गेली. पण त्या काळचा छापील मजकूर शंभर वर्षांनंतरही कोणालाही वाचता येतो. याच तालुक्यातली एखादी स्मरणिका १९९८ साली संगणकावर जुळवली असेल, तर तिची फाइल आज उघडेलच असे नाही.

कारण लिपीच्या इतिहासात आहे. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. डीटीपीवाल्यांच्या हाती मात्र होती श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकची आयएसएम. त्यांच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, तेही प्रत्येकाच्या वेगळ्या क्रमाने. तो फाँट नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पानांची मांडणी पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. मोडी शिकता तरी येते. इथे अख्खा जुना संगणकच हवा.

तो आजच्या संगणकाच्या पोटात उभा करता येतो. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची युक्ती आयबीएमची, १९६० च्या दशकातली. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ती टेबलावरच्या संगणकावर आणली.

आता निवड. एक्सपीसाठी व्हर्च्युअलबॉक्स पुरेसे आहे: ते फुकट मिळते आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनही नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे. हायपर-व्ही काही विंडोजमध्ये आयतेच असते, पण यूएसबीला लावलेले डोंगल ते आतल्या यंत्राला थेट देत नाही. जुने मराठी पॅकेज डोंगलवाले असेल तर तिथेच गाडी अडते. विंडोज ९८ हवे असेल, तर फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेल्या क्यूईएमयूकडे वळावे. ते प्रोसेसरचीही नक्कल करते. म्हणून ॲपलच्या नव्या चिपांवरही, संथ का होईना, जुने विंडोज चालते. अभ्यासकाने वेगापेक्षा आयुष्य पाहावे. ज्याचा मूळ कोड खुला आहे, ते कंपनी विकली गेली तरी कोणीतरी पुढे चालवू शकतो. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली आणि तिच्या परवान्यांचे नियम बदलले.

आतल्या एक्सपीला इंटरनेट जोडू नये. फाइल उघडली की लगेच पीडीएफ काढावी आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून, छापील प्रतीशी ताडून ठेवावा. जोडाक्षरे आणि रफार इथेच हमखास चुकतात.

हे काम अडते ते फक्त मूळ डिस्क नसल्यावर. म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत छापखान्यातला, शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला जुना संगणक भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्यावी. फाँट आणि डोंगलही त्याच डब्यात ठेवावे.