परक्याच्या उशाशीं

आषाढी वारीस देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीस मुक्काम करते आणि तेथून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें पंढरीकडे जाते. १६८५ सालीं तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं हा सोहळा सुरू केला. या वाटेवरील लहान मुलासही पुंडलिकाची कथा ठाऊक असते. आईबापांची सेवा चालू असतां देव दारीं आला. पुंडलिकानें एक वीट पुढें केली आणि सेवा पुरी होईपर्यंत देवास तिच्यावर उभें राहावयास लाविलें. वृद्धांच्या शुश्रूषेस महाराष्ट्रानें दिलेला हा मान लहान नव्हे. परंतु या कथेंत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. सेवा करणारा आणि सेवा घेणारा एकाच घरचे आहेत. आणि त्या सेवेचें वेतन कोणी मागत नाहीं, कोणी देत नाहीं.

आज याच वाटेवरील गांवांतल्या तरुणांपुढें या दोन्ही गोष्टी उलट्या झालेली एक वाट उघडली आहे. परक्या देशांत, परक्या घरीं राहून, परक्या आजारी माणसाची वेतनावर शुश्रूषा करणें, हा आतां एक मान्यताप्राप्त धंदा झाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें इस्राएलनें हिंदुस्थानकडे जे कामगार मागितले त्यांत ५,००० अशा परिचारकांचा समावेश होता. पुढें महाराष्ट्र शासनाच्या जाहिराती जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रसिद्ध झाल्या. वय २५ ते ४५, दहावीपर्यंत शिक्षण, इंग्रजीचें कामापुरतें ज्ञान आणि शुश्रूषेचें ९९० तासांचें शिक्षण, अशा त्यांतील मुख्य अटी होत्या. घरांतील सुनेचें किंवा विधवेचें काम म्हणून ज्याची कोणी कधीं गणना केली नाहीं, त्यास ९९० तासांचें शिक्षण आणि शासनाची जाहिरात प्राप्त व्हावी, हें कसें घडलें?

प्रथम या भूमीकडे पाहावें. बारामती व इंदापूर हे पुणें जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुके अवर्षणाच्या पट्ट्यांत मोडतात. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळांत लोकांस काम मिळावें म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी या तालुक्यांत खेळूं लागलें. कालव्याखालील शेतांत ऊस उभा राहिला. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत शेठ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना आणि त्याच्याभोंवतीं वालचंदनगर वसलें. परंतु कालव्याच्या वरच्या अंगास असलेलीं सुप्याकडचीं गांवें जिराईतच राहिलीं. १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें, तेव्हां इंदापूर तालुक्यांतील नदीकांठच्या गांवांस पाण्याखालीं जावें लागलें. पाणी नाहीं म्हणून गांव सोडणारे आणि पाणी आलें म्हणून गांव सोडणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक या दोन तालुक्यांनीं पाहिले आहेत. घर सोडून पोट भरावयास जाणें ही येथें नवी गोष्ट नाहीं. कोणतें काम करावयास जावयाचें, एवढेंच पिढीगणिक बदलत आलें.

शुश्रूषेचें काम मात्र फार काळ घराबाहेर पडलें नव्हतें. रुग्णाचें मलमूत्र काढणें, जखमा धुणें, रात्रभर उशाशीं बसणें हें घरांतील बायकांकडे असे. आणि तेंच परक्याच्या घरीं जाऊन करणें हीनपणाचें मानलें जाई. हा समज मोडण्याचा पहिला मोठा प्रसंग पुणें जिल्ह्यांतच आला, आणि तो प्लेगनें आणिला. १८९७ सालीं पुण्यांत व आसपास लोक घरेंदारें टाकून पळत असतां सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉक्टर यशवंत यांच्याकडून हडपसरजवळ रुग्णांसाठीं दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलास तेथें नेत असतां त्यांस संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्याच्याशीं रक्ताचा किंवा जातीचा संबंध नाहीं अशा रोग्याची सेवा करतां करतां त्यांनीं देह ठेविला.

एका थोर बाईच्या त्यागावर समाजाची सोय होत नाहीं. त्यासाठीं शिक्षण व संस्था लागतात. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें. रमाबाई रानडे यांनीं तेथील विद्यार्थिनींस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण मिळावें म्हणून पुष्कळ खटपट केली. चांगल्या घरच्या मुली व विधवा इस्पितळांत पुरुष रोग्यांस हात लावणार, या कल्पनेनें अनेकांच्या भिवया चढल्या. परंतु ज्या विधवेला माहेरीं व सासरीं ओझें मानीत, तिला या विद्येनें स्वतःच्या मिळकतीवर उभें केलें. शुश्रूषा हें पुण्यकर्म तर आहेच, पण ती एक विद्या आहे आणि तिला वेतन आहे, हा विचार महाराष्ट्रांत रुजला तो अशा संस्थांमुळें. तरीही उणीव किती मोठी होती हें १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालावरून दिसतें: त्या वेळीं हिंदुस्थानांत सुमारें ४३,००० लोकांमागें एक परिचारिका होती.

परदेशीं जाणाऱ्या सेविकांचा इतिहास याहूनही जुना आहे. साहेबाचें कुटुंब विलायतेस निघालें कीं बोटीवर मुलें सांभाळावयास व समुद्र लागलेल्या मडमेची काळजी घ्यावयास आया बरोबर नेत. हिंदुस्थानच्या बंदरांतून अशा कितीतरी आया गेल्या. लंडनला पोंचतांच कित्येकींची गरज संपे आणि परतीचें तिकीटही हातीं नसे. अशांच्या आसऱ्यासाठीं तेथें ‘आया होम’ चालविलें जाई. १९०० सालीं तें लंडनच्या हॅकनी भागांत गेलें. त्या घरावर २०२२ सालीं स्मृतिफलक बसविण्यांत आला. त्या आयांच्या हातीं करार नव्हता, दाद मागण्याची जागा नव्हती. परदेशीं सेवेस जाणाऱ्या माणसाचें भवितव्य त्याच्या मायाळूपणावर अवलंबून नसून त्याच्या हातांतील कागदावर व त्या देशाच्या कायद्यावर असतें, हा धडा त्यांच्या कहाणींत आहे.

आतां ज्या देशांत हें काम मिळतें त्या देशाकडे वळावें. इस्राएलांत १९८६ सालीं दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा झाला व १९८८ पासून तो अमलांत आला. जो वृद्ध स्वतःच्या हातानें स्नान, भोजन, वस्त्र करूं शकत नाहीं, त्यास आश्रमांत न धाडतां घरींच मदतनीस मिळावा, हा त्याचा हेतु. परंतु रात्रंदिवस घरीं राहणारीं माणसें त्या देशांत पुरेशीं मिळेनात. म्हणून परदेशी परिचारकांस परवाने देण्यांत येऊं लागले. फिलिपाईन्स, नेपाळ, श्रीलंका येथून माणसें गेलीं, आणि हिंदुस्थानांतून मुख्यतः केरळची. २०२३ सालीं तेथें सुमारें १८,००० भारतीय होते आणि त्यांतील सुमारें १४,००० परिचारक होते. मराठी माणसास हा देश अगदींच परका नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल समाज १९४८ नंतर तेथें जाऊन वसला, आणि त्यांच्या जुन्या पिढीच्या घरीं अजूनही मराठी बोलली जाते.

काम मात्र कोणत्याही भाषेंत सोपें नाहीं. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस थोड्या थोड्या वेळानें बदलावी लागते. नाहींतर पाठीस शय्याव्रण होतात. गिळण्याची शक्ति कमी झालेल्यास घास बेतानें द्यावा लागतो. घाई झाली तर अन्न श्वासनलिकेंत जातें. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध मध्यरात्रीं उठून दार उघडूं पाहतो, तोच प्रश्न वीस वेळां विचारतो, कधीं हातही उगारतो. त्याला उचलतांना स्वतःची पाठ संभाळण्याचीही एक पद्धति आहे. नव्वद तास नव्हे, ९९० तास कशासाठीं, याचें उत्तर येथें आहे.

याहून अवघड गोष्ट म्हणजे या कामास वेळेची मर्यादा नाहीं. कारखान्यांत भोंगा वाजतो. रुग्णाच्या खोलींत तो वाजत नाहीं. घरींच राहणाऱ्या परिचारकास कामाच्या तासांचा व जादा वेतनाचा कायदा लागू आहे काय, असा प्रश्न इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता. १९५१ सालचा तो कायदा अशा कामास जसाच्या तसा लागू होत नाहीं, असा निर्णय न्यायालयानें २००९ सालीं दिला आणि २०१३ सालीं तोच कायम केला. त्याच न्यायालयानें २००६ सालीं मात्र परदेशी कामगारास एकाच मालकाशीं बांधून ठेवण्याची पद्धत रद्द ठरविली होती. २०११ सालीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें घरकामगारांचा करार संमत केला. घरांत केलेलें कामही कामच आहे आणि त्या कामगारास विश्रांतीचा हक्क आहे, हें त्यांत मान्य झालें.

या धंद्याचें एक दुःख कायद्याच्याही पलीकडचें आहे. ज्याची सेवा केली तो वृद्ध एक दिवस जातो. त्या दिवशीं परिचारकाची नोकरी जाते, राहण्याची जागा जाते आणि वर्षानुवर्षें ज्याला लेकरासारखें जपलें तो जीवही जातो. आणि शोक करण्यास अवधि न घेतां दुसरें घर शोधावें लागतें. जिवाचा धोकाही आहे. मे २०२१ मध्यें अश्कलोन येथें अग्निबाण पडून केरळच्या इडुक्की जिल्ह्यांतील एक परिचारिका मृत्यु पावली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं गाझाच्या सीमेजवळील एका वस्तींत हल्ला झाला, तेव्हां केरळच्याच दोघी जणींनीं आपल्या ताब्यांतील वृद्ध दांपत्यास सुरक्षित खोलींत घेऊन दाराची मूठ आंतून कित्येक तास धरून ठेविली. पळून जाण्याचा विचार त्यांच्या मनांत आला असता तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. त्या पळाल्या नाहींत. वेतन घेऊन केलेली सेवा ही खरी सेवा नव्हे, असें ज्यांस वाटतें त्यांनीं ही घटना आठवावी.

म्हणून बारामती-इंदापुरांतील एकाद्या घरीं असा परदेशचा विचार चालूं झाला तर वेतनाच्या आंकड्याइतकेंच करारांतील कलमांकडेही पाहिलें पाहिजे. साप्ताहिक सुटी कोणती, राहण्याची खोली कशी, रुग्ण दगावल्यास पुढें काय, हें आधीं विचारावें. १९८३ च्या भारतीय स्थलांतर कायद्यानें परवाना नसलेल्या मध्यस्थास माणसें पाठविण्याची मनाई आहे. शेत गहाण टाकून अशा दलालाची भर करणें म्हणजे दुष्काळांतून निघून कर्जांत पडणें होय.

एक प्रश्न मात्र कोणत्याही करारांत लिहिलेला नसतो. तेल अवीवच्या एका खोलींत लेक दुसऱ्याच्या आईची कूस बदलीत असतां निमगांवच्या घरीं तिच्या स्वतःच्या आईची कूस कोण बदलतें? बहुधा धाकटी सून, शेजारीण, किंवा परदेशच्या पैशावर ठेविलेली गांवचीच एकादी गरीब बाई. म्हणजे सेवेची सांखळी येथेंच तुटत नाहीं, ती खालीं खालीं जाते. आणि तिच्या शेवटच्या टोकास जी बाई असते तिला ना ९९० तासांचें शिक्षण, ना करार, ना सुटी. परदेशांत आपल्या माणसांस न्याय मिळावा अशी अपेक्षा धरतांना घरांतील त्या बाईस आपण किती वेतन देतों व आठवड्यास किती दिवस विश्रांति देतों, हेंही शहरांतील प्रत्येक सुखवस्तु कुटुंबानें पाहावयास हवें. पुंडलिकाच्या सेवेसाठीं देव विटेवर थांबला. जी परक्याची सेवा करते तिच्यासाठीं कायद्यानें आणि शेजाऱ्यांनीं थोडें थांबावें, एवढीच आजच्या काळाची मागणी आहे.