तेर्स म्हणजे तिसरा हिस्सा

गोव्यात दिवेलागणीला चर्चची घंटा वाजली की घरोघर तेर्स सुरू होतो. भिंतीवरच्या लाकडी देव्हाऱ्यापुढे घरातली माणसं गुडघे टेकतात, म्हातारी खुर्चीतच बसतात. एकजण जपमाळेवर मोजत प्रार्थना पुढे म्हणतो, बाकीचे मागून. संपल्यावर मुलं हात जोडून थोरामोठ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद मागतात. तेर्स हे त्या प्रार्थनेचंच नाव असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. शब्द मूळचा पोर्तुगीज, आणि त्याचा अर्थ आहे तिसरा हिस्सा. कशाचा तिसरा हिस्सा, हे शोधायला निघालं की माणूस थेट इजिप्तच्या वाळवंटात जाऊन पोचतो.

चौथ्या शतकात तिथे पॉल नावाचा एक तपस्वी राहत होता. रोज तीनशे प्रार्थना म्हणायच्या हा त्याचा नेम. मोजणी चुकू नये म्हणून तो मांडीवर तीनशे खडे घेऊन बसे आणि प्रत्येक प्रार्थनेला एक खडा टाकून देई. पुढे त्याच्या कानावर आलं की कुठल्याशा गावात एक बाई रोज सातशे प्रार्थना म्हणते. त्याला फार वाईट वाटलं आणि तो मकारियस या वडीलधाऱ्या तपस्व्याकडे गेला. मकारियस म्हणाला की मी साठ वर्षं रोज शंभरच म्हणतो, पोटापुरतं काम करतो, भेटायला येणाऱ्यांशी बोलतो, आणि माझं मन मला खात नाही. तुझं तीनशे म्हणूनही खात असेल तर आधी मनाकडे बघ. पलादियस या लेखकाने ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. माळेच्या कुळकथेत मोजणीचा पहिला उल्लेख यावा आणि त्याला लागूनच मोजणीबद्दलचा हा इशाराही यावा, याचं मला फार मोल वाटतं.

आता त्या हिश्शाकडे. बायबलमधली स्तोत्रं 150. मठांतले शिकलेले साधू ती लॅटिनमधून म्हणत. पण त्याच मठांत शेत नांगरणारे, भाकऱ्या भाजणारे बंधूही होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी काय करायचं? त्यांना सांगण्यात आलं की स्तोत्राच्या जागी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रभूची प्रार्थना म्हणा. दीडशे एका बैठकीत होईनात म्हणून पन्नास-पन्नासचे तीन भाग पडले. त्यातला एक भाग म्हणजे आपला तेर्स. घरोघरी म्हणतात तो निरक्षरांच्या स्तोत्रसंहितेचा तिसरा हिस्सा आहे.

खड्यांच्या जागी दोऱ्यात ओवलेले मणी आले. प्रार्थनेच्या पहिल्या दोन लॅटिन शब्दांवरून त्या माळेला 'पातेर नोस्तेर' म्हणू लागले. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या गोडायव्हा या सरदारपत्नीने अकराव्या शतकात आपली रत्नांची जपमाळ तिथल्या मठातल्या मरियेच्या मूर्तीला दिली, असं पुढच्या शतकातल्या एका इतिहासकाराने लिहिलं आहे. 1268 च्या सुमारास पॅरिसमधल्या धंद्यांची नियमवही तयार झाली. तिच्यात माळा करणाऱ्या कारागिरांचे संघ मालानुसार वेगवेगळे आहेत. हाडाशिंगाचे मणी करणारे निराळे, पोवळ्याशिंपल्याचे निराळे. इंग्रजीत मण्याला बीड म्हणतात, तो शब्द तर मुळात प्रार्थनेचा होता. प्रार्थना मोजता मोजता तिचं नाव मण्याला चिकटलं.

मग 'रोझरी', म्हणजे गुलाबांची माळ, हे नाव कुठून आलं? एकोणिसाव्या शतकातले जर्मन संस्कृतज्ञ वेबर यांनी एक तर्क मांडला होता. जपमाळ भारतातून पश्चिमेकडे गेली आणि वाटेत कोणीतरी 'जप' ऐवजी 'जपा' ऐकलं, म्हणजे जास्वंद. त्यातून फुलांची माळ आणि पुढे गुलाबांची. मराठी वाचकाला हे ऐकून गुदगुल्या होतात, मलाही झाल्या. पण तर्क टिकत नाही. युरोपात माळ शतकानुशतकं 'पातेर नोस्तेर' या नावाने चालत होती, गुलाब तिला फार उशिरा चिकटला. मरियेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घालायची तिथली रीत होती आणि माळेवर प्रभूच्या प्रार्थनेच्या जागी आलेल्या 'नमो मरिये' या प्रार्थनेला लोक एकेक फूल मानू लागले होते. माळ भारतातून गेली असेल-नसेल, दहा बोटांवर मोजणं मात्र कोणाकडून शिकावं लागत नाही.

इथवर ही नुसती मोजणी होती. शुभवर्तमान तिच्यात आलं ते पंधराव्या शतकाच्या आरंभी, जर्मनीतल्या ट्रियर शहराच्या एका मठात. तिथे प्रशियाचा डॉमिनिक नावाचा साधू होता. भटक्या, भरकटलेल्या तरुणपणानंतर तो मठात आला होता. 'नमो मरिये' पन्नास वेळा म्हणताना त्याने प्रत्येक वेळी येशूच्या नावापाशी थांबून त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग एका वाक्यात जोडला. जन्मापासून वधस्तंभापर्यंत आणि पुढे पुनरुत्थानापर्यंत अशी पन्नास वाक्यं. खरं तर 'नमो मरिये'चा पूर्वार्ध मूळचाच लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे: गब्रीएल दूताचा नमस्कार आणि एलिझाबेथचे उद्गार. पण डॉमिनिकमुळे वाचता न येणाऱ्याच्या हातात येशूचं अख्खं चरित्र आलं. पुढे पन्नास वाक्यांची पंधरा 'रहस्यं', म्हणजे दहा-दहा मण्यांसाठी एकेक प्रसंग, झाली: आनंदाची, दुःखाची, गौरवाची. 1569 साली पोप पायस पाचवे यांनी या रूपावर शिक्कामोर्तब केलं. मरियेने स्वतः संत डॉमिनिकला माळ दिली ही प्रसिद्ध आख्यायिका. पण तो संत प्रशियाच्या डॉमिनिकच्या दोनशे वर्षं आधीचा, आणि त्याच्या काळात या आख्यायिकेचा मागमूस नाही.

तेच ते परत परत म्हणण्यात काय अर्थ, असं अनेक श्रद्धावंत ख्रिस्ती विचारतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनेच व्यर्थ बडबडीबद्दल बजावलं आहे. प्रश्न रास्त आहे आणि माळ हातात घेणाऱ्याने तो रोज स्वतःला विचारावा. माझ्यापुरतं सांगतो. आनंदाचं पाचवं रहस्य घ्या. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या गर्दीत हरवतो आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. लूकमध्ये ही गोष्ट दहाबारा ओळींत संपते, वाचायला मिनिटही लागत नाही. पण दहा मणी सरेपर्यंत तिच्यात थांबलं की तिसऱ्या-चौथ्या मण्याला ते तीन दिवस जाणवू लागतात: तिन्ही रात्री आई झोपली कुठे असेल? आणि तो सापडल्यावर जे बोलला ते त्या दोघांना समजलं नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. मरियेलाही तेव्हा कळलं नव्हतं. तिने ते मनात जपून ठेवलं. आपल्या भाषेत जपणं म्हणजे नाम घेणं आणि जपणं म्हणजे सांभाळणं. या रहस्याशी आलो की मला दोन्ही अर्थ वेगळे काढता येत नाहीत.

आजच्या माळेत 59 मणी असतात: पाच दशकांचे पन्नास, त्यांच्यामधले चार, आणि क्रूसाकडे उतरणाऱ्या शेपटात पाच. ही माळ पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली, वसईत आली. जुन्या गोव्यातलं रोझरीचं चर्च 1540 च्या दशकातलं. पुढे गोव्याचे खलाशी, आचारी, वाजंत्री मुंबईला आले आणि धोबीतलावाच्या आसपास गावागावाच्या 'कुडी'त, म्हणजे गावकऱ्यांच्या समाईक बिऱ्हाडात, राहू लागले. पेटी ठेवण्यापुरती जागा, समाईक देव्हारा, आणि संध्याकाळच्या तेर्साला हजेरी लावायचा कुडीचा नियम.

2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली. पंधराची वीस झाली, म्हणजे हिशेबाने तेर्स आता चौथा हिस्सा. नाव कोणी बदललं नाही.

विरार लोकलमध्ये मी एकदा दाराशी उभा होतो. शेजारी खिडकीपाशी एक वयस्क बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी आणि उजवा हात पर्समध्ये. पर्सचं कापड आतून सावकाश हलत होतं आणि ओठ त्याच्या लयीत. वसई आली. त्या उठल्या, पिशवी डाव्या हातात घेतली आणि गर्दीतून वाट काढत उतरल्या. उजवा हात पर्समध्येच होता, जिथवर म्हणून झालं होतं त्या मण्यावर चिमूट धरून.