आर्ट सिल्कमधला ‘आर्ट’

घाटकोपर स्टेशनबाहेरच्या दुकानात परवा कुर्ती दाखवताना दुकानदार म्हणाला, “ताई, बांबू फॅब्रिक आहे. एकदम नॅचरल.” मी कुर्ती उलटी केली, आतल्या कडेचा सुटलेला धागा काढला, मधोमध थुंकी लावून ताणला. ओल्या जागीच पटकन तुटला. सुती धागा भिजला की उलट चिवट होतो. भिजल्यावर जवळपास निम्मा जोर गमावतो तो रेयॉन. काडी लावून हे कळत नाही, दोन्ही कागदासारखेच जळतात.

आईच्या कपाटात हाच धागा ‘आर्ट सिल्क’ म्हणून आहे. त्या ‘आर्ट’चा कलेशी संबंध नाही, ते शेपूट तोडलेलं ‘आर्टिफिशियल’. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात शार्दोने यांनी नकली रेशीम मांडलं, पण ते भसकन पेटायचं. १८९२ मध्ये इंग्लंडात क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी दुसरी वाट काढली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइड. मधासारखा दाट, केशरी पाक होतो. तो बारीक भोकांतून आम्लात सोडला की धागा. दाट म्हणजे व्हिस्कस, म्हणून व्हिस्कोज. (त्या डायसल्फाइडनं जगभरच्या किती कामगारांच्या मज्जातंतूंची वाट लावली, हे ‘नॅचरल’ म्हणताना कुणी सांगत नाही.) ‘नकली’ हा शिक्का नडू लागला, तेव्हा १९२४ मध्ये अमेरिकेत ‘रेयॉन’ हे नाव आलं.

आपल्याकडे त्याचं माहेर मध्य रेल्वेवरच. कसारा लोकल पकडा; कल्याणनंतरचं शहाड, तिथे सेंच्युरी रेयॉन, १९५६ पासूनची. पुढे आंबिवलीजवळ मोहन्याला एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन. ती २००९ मध्ये बंद पडली. दोन्ही उल्हास नदीच्या आसऱ्यानं, कारण या धंद्याला पाणी अफाट लागतं.

शहाडचा धागा लांब, अखंड, चकाकणारा, रेशमाची हौस भागवणारा. कुर्तीचं कापड दुसऱ्या शाखेतलं: तंतू कापसाच्या लांबीचे कापायचे आणि सुतासारखे कातायचे. ग्रासिमनं ते १९५४ मध्ये नागद्याला सुरू केलं. रेशमाचं सोंग घ्यायला निघालेली वस्तू अशी कापसाचं सोंग घेऊ लागली. आता बांबूचं. लगदा बांबूचा असेलही, पुढचा पाक तोच. असं कापड नुसतं ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांना अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००९ मध्येच हटकलं होतं.

कुर्ती मी घेतलीच. मुंबईच्या घामाला ती बरी. फक्त एक नंबर मोठी घेतली, पहिल्या धुण्यात आटते म्हणून. आणि पिळायची नाही, हे घरी बजावून ठेवलंय.