थेंब की टाकी?
मंडळी, ऑनसाइटवर असताना माझ्या रूममेटने सिगरेट सोडण्यासाठी व्हेपिंग धरलं. पहिलाच प्रश्न: ड्रिपर घेऊ की टँक? मी आपला इतिहास खणायला बसलो.

1965 साली अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टला बिनधुराच्या सिगरेटचं पेटंट मिळालं, पण माल बाजारात आलाच नाही. 2003 मध्ये चिनी फार्मासिस्ट होन लिकने आजची ई-सिगरेट घडवली. सुरुवातीच्या कार्ट्रिजमधला बोळा पटकन कोरडा पडे, म्हणून लोक थेट कॉइलवर दोन-तीन थेंब टाकू लागले. ड्रिपरचं मूळ हेच. मग टँक आला. एकदा भरा आणि ओढत बसा! सोय झाली, मोजमाप गेलं.

ड्रिपर निदान मधे थांबवतो, म्हणून मित्राने तोच घेतला. सिगरेट सुटली, निकोटिन नाही. भारतात 2019 पासून दोन्हींच्या आयात-विक्रीवर बंदी आहे. परत येताना त्याला खरा प्रश्न कळला: सोडायचं कसं?