हाली रुपया आणि एक वैमानिक

आमच्या घरी जुन्या कागदांचा एक बस्ता आहे. त्यात आजोबांनी निजामाच्या अमदानीत भरलेल्या शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत. लिपी उर्दू, रक्कम हाली सिक्क्यात. तो हाली रुपया पुढे कुठवर गेला असेल?

लंडनच्या हवाई दल संग्रहालयात एक जुने बॉम्बफेकी विमान ठेवले आहे. पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना एका अख्ख्या तुकडीची विमाने घेऊन दिली. ११० नंबरची ही तुकडी 'हैदराबाद' या नावानेच ओळखली गेली. हे विमान तिच्यातलेच. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते जर्मनांच्या हाती लागले होते. निजामाचा खजिना भरायचा तो मोठ्या अंशी शेतसाऱ्यावर. म्हणजे त्या पंखांत बीड-गेवराईच्या ज्वारीचाही वाटा आलाच. आणि १९१८ साली दख्खनेत पावसाने दगा दिला होता, वर इन्फ्लुएन्झाची साथ होती.

हिंदी पैशाचे विमान चालत होते. चालवणारा हिंदी माणूस मात्र सहजासहजी चालत नव्हता.

म्हणून मला मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंगकरची आठवण काढायची आहे. वयाने माझ्या मुलाएवढा, म्हणून एकेरीत बोलतो. केंब्रिजला शिकलेला हा तरुण रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक व्हायला गेला, तेव्हा त्याला आधी मेकॅनिक हो म्हणून सांगण्यात आले. तो हटला नाही. अधिकाऱ्याचा हुद्दा मिळवला, विमानही मिळवले. त्या युद्धातले हिंदी वैमानिक म्हणून चौघांची नावे घेतली जातात: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल राय, एरॉल चंदर सेन आणि हा.

२३ नंबरच्या तुकडीत त्याच्याकडे सॉपविथ डॉल्फिन होते. आत एकट्यानेच बसायचे. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. चहूकडचे दिसायचे छान, पण उतरताना विमान पालथे झाले तर पहिला मार मानेला. आणि विमानातून उडी टाकायला हवाई छत्री? ती ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात देतच नसत.

२७ जून १९१८ रोजी फ्रान्समध्ये तो गस्तीवर गेला आणि परतला नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला, ३० जूनला वारला. पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, इंद्रलाल राय पडले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट १९९८ साली निघाले.

मला ते मधले तीन दिवस सुटत नाहीत. सगळीकडे जर्मन बोलणारी माणसे. त्याने मराठीत पाणी मागितले असेल, तर ते कुणाला कळले असेल?

त्याची कबर उत्तर फ्रान्समध्ये, हांगार गावच्या दफनभूमीत आहे. आपल्याकडचे कुणी त्या बाजूला गेलेच, तर घडीभर तिथे थांबावे. माझाही सलाम सांगावा.