गाडी स्टार्ट होत नाहीये? हा प्रश्न १८८८ पासूनचा आहे

आजचा विषय सगळ्यांच्या ओळखीचा. सकाळी ऑफिसला निघालोय, चावी फिरवली, आणि गाडी ढिम्म. अशा वेळी सोसायटीतले चार जण जमतात आणि चौघं चार कारणं सांगतात. बॅटरी गेली असेल, पेट्रोल संपलं असेल, प्लग बघ, धक्का मारू या.

गंमत म्हणजे पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला ज्या गोष्टी लागतात, त्या गेल्या सव्वाशेहून जास्त वर्षांत बदललेल्याच नाहीत. हवा, इंधन, सिलिंडरमधला दाब आणि योग्य वेळी पडणारी ठिणगी. त्याआधी इंजिन कुणीतरी फिरवायला हवं. बदललं ते एवढंच, की यातलं काय बिघडलंय हे कळणार कसं आणि कुणाला. आज तोच इतिहास बघू.

सुरुवात जर्मनीतून. ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. साधारण शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपलं, तर तिने वीसलोख गावातल्या केमिस्टकडून लिग्रोइन घेतलं. हे तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे. पुढे इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनने साफ केली. ठिणगीच्या वायरचं इन्सुलेशन गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. म्हणजे बघा, आधी इंधन, मग ठिणगी. आजचा मेकॅनिकही हेच तपासतो. फरक इतकाच, की बर्थाला सगळं डोळ्यांनी दिसत होतं. इंजिन उघडं होतं.

त्यानंतरचा काळ हँडलचा. गाडीच्या पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. मनगटाजवळच्या एका फ्रॅक्चरला डॉक्टर अजूनही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते नाव यावरूनच पडलं. फोर्ड मॉडेल टी १९०८ ला आली. तिच्या स्टिअरिंगखाली ठिणगीची वेळ मागेपुढे करायचा दांडा होता. हँडल मारण्याआधी तो मागे घ्यायचा, विसरलात तर हात गेला.

पण या धोकादायक हँडलचा एक फायदा होता. हँडल फिरवताना सिलिंडरचा दाब हाताला जाणवायचा. एखाद्या फेरीला हँडल हलकं लागलं, की समजायचं, दाब गळतोय. ड्रायव्हरचा हात हाच सेन्सर होता.

मग आला चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतल्या डेटन शहरात तो आधी कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवायचं काम करायचा. तिथे त्याला एक कळलं होतं. मोटर काही सेकंदच चालवायची असेल, तर ती छोटी असली तरी तिच्याकडून खूप जोर काढता येतो. हीच कल्पना त्याने गाडीत आणली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला. हात वाचले. पण त्या दिवसापासून संशयितांच्या यादीत बॅटरीचं नाव पहिलं आलं.

आणि इथेच निदानाचे दोन रस्ते झाले. पहिला, सेल्फ मारला तरी इंजिन फिरतच नाही. नुसतं ‘टक टक’ होतं, हेडलाइट मंद होतात. मग बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा स्टार्टर बघा. चांगली चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. दुसरा, इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही. मग बॅटरीला दोष देऊ नका, इंधन आणि ठिणगीकडे वळा. धक्का स्टार्टही पहिल्याच रस्त्यावर कामाचा, कारण धक्का फक्त इंजिन फिरवतो. तोही मॅन्युअल गिअर असेल तरच.

आपल्याकडे हे ज्ञान कानात आणि नाकात होतं. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. थंडीत चोक ओढायचा. जास्त ओढला की पेट्रोल ओव्हर, प्लग ओले आणि बॉनेटपाशी पेट्रोलचा वास. वास आला म्हणजे इंधन पोचतंय, आता ठिणगी बघ. एवढं निदान स्कॅनरशिवाय व्हायचं.

पुढचा बदल धुरामुळे झाला. प्रदूषणाला वैतागलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८ पासूनच्या गाड्यांना स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवणं सक्तीचं केलं. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकसारखं १६ पिनांचं सॉकेट आणि एकसारखे कोड आले. प्रदूषणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यावी, हेही तिथल्या कायद्यात आलं. आज आपण स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर कोड वाचतो, त्याची मुळं तिथे आहेत.

आता इंजिनिअर म्हणून सांगतो, कोड म्हणजे निदान नव्हे. समजा ‘पी ०३३५’ आला. याचा अर्थ, क्रँकशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. ही स्थिती कळली नाही, तर अनेक गाड्यांच्या कॉम्प्युटरला ठिणगी कधी टाकायची तेच समजत नाही. पण सेन्सर गेलाय, कनेक्टर सैल आहे, की पावसाळ्यात उंदराने वायर कुरतडलीय? ते कोड सांगत नाही. सर्व्हरच्या लॉगमधली एरर आणि बगचं मूळ कारण यात जेवढं अंतर असतं, तेवढंच इथेही. कोड बघून थेट सेन्सर बदलणारा मेकॅनिक तुमचे पैसे घालवतो, आधी वायर तपासणारा वाचवतो.

त्यात एक नवीनच कारण आलं. इमोबिलायझर. चावीतली चिप गाडीने ओळखली नाही, तर हवा, इंधन, दाब, सगळं ठीक असूनही गाडी सुरू होत नाही. इथे बिघाड नाही, परवानगी नाही. आणि नवी चावी ओळखवायला बऱ्याचदा कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, जे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नसतं.

म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ ला गाडी दुरुस्तीच्या हक्कावर थेट मतदान झालं आणि लोकांनी भरघोस मतांनी हो म्हटलं. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही आली. बर्थाकडे एक पिन होती आणि तेवढ्यावर भागलं, कारण गाडीने तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. आपली गाडी आपल्याशी किती बोलणार, हे यापुढे कायदा ठरवणार आहे.

तोवर एवढं लक्षात ठेवा. गाडी अडली की आधी ऐका, इंजिन फिरतंय का? मग डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. मग इंधन, मग ठिणगी, आणि कोड वाचाल तेव्हा वायरही बघा. सोसायटीत चार जण जमले, की हा क्रम त्यांनाही सांगा. भेटू पुढच्या भागात!