मानपाड्यात घरी चूल, बंब किंवा शेकोटी पेटवली तर कायदा काय म्हणतो?

थंडी पडली की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास सुरू होतो. शेजारच्या चाळीत कोणीतरी सकाळी बंब पेटवतं, गेटवरचे वॉचमन रात्री शेकोटी करतात, मागच्या साइटवर मजुरांच्या चुली धुमसत असतात आणि सगळा धूर थेट बेडरूममध्ये येतो. मग कोणीतरी विचारतं, "हे बेकायदा नाहीये का?"

थेट उत्तर आधी देऊ. घरात स्वयंपाकासाठी किंवा पाणी तापवण्यासाठी लाकूड जाळण्यावर महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही. कचरा जाळण्यावर आहे. आणि बेकरी-हॉटेलांच्या भट्ट्यांवर टाच आली आहे. गोंधळ होतो तो या तिन्ही गोष्टी एकाच धुरात मिसळतात म्हणून.

मानपाडा नावाच्या जागा दोन आहेत, हेही सांगायला हवं. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत. दुसरी डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या शेजारी. पहिली ठाणे महापालिकेत येते, दुसरी कल्याण-डोंबिवली महापालिकेत. रिक्षावाल्याला नुसतं 'मानपाडा' सांगून भलतीकडे पोहोचण्याची सोय आहे, तशीच तक्रार चुकीच्या महापालिकेकडे जाण्याचीही. कायदा मात्र दोन्हीकडे तोच आहे.

कायद्यात तरतूद आहे, वापर नाही

हवेच्या प्रदूषणासाठी आपल्याकडे १९८१ चा हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा आहे. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार एखादा भाग 'वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. पुढची पोटकलमं फारशी कोणी वाचत नाही, पण मुद्द्याची गोष्ट तिथेच आहे. अशा क्षेत्रात कोणतं इंधन चालणार नाही हे प्रदूषण नियंत्रण मंडळाशी सल्लामसलत करून सरकार ठरवू शकतं. जागेत कोणती शेगडी किंवा भट्टी वापरायची, म्हणजे 'मान्यताप्राप्त उपकरण' कोणतं, हेही ठरवू शकतं. इंधन नसलेली एखादी वस्तू जाळल्याने हवा खराब होत असेल तर त्यावरही बंदी घालू शकतं.

म्हणजे उद्या सरकारने ठरवलं तर घरगुती चुलीपर्यंत नियम पोहोचू शकतो. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, अधिसूचना पुरेल. घरातल्या चुलीसाठी मात्र हे हत्यार म्यानातच राहिलं आहे.

त्याला इतिहासही आहे. मुंबईसाठी ब्रिटिशांनी १९१२ मध्ये धूर-उपद्रव कायदा केला होता. रोख गिरण्यांच्या आणि वाफेच्या इंजिनांच्या भट्ट्यांवर होता. 'भट्टी'च्या व्याख्येतून घरगुती कामासाठी पेटवलेली चूल आणि प्रेतदहन या दोन गोष्टी तेव्हा बाहेर ठेवल्या होत्या. शंभर वर्षांत गिरण्या गेल्या, पण घरच्या चुलीला हात लावायचा नाही हा संकेत टिकून आहे.

मग बेकऱ्यांना का पकडलं?

मुंबईची हवा बिघडल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्या प्रकरणात ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश आला की मुंबईत लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि खाद्यगृहांनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर यावं. त्याआधी यंत्रणा त्यांना वर्षभराची मुदत देत होत्या. न्यायालयाला ती जास्त वाटली. कोळसा-लाकडावरच्या नव्या भट्ट्यांना परवानगी देऊ नये, असंही सांगण्यात आलं.

आदेशाचा रोख मुंबईवर होता. पण त्यातलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठाण्यातही तेच आहे आणि डोंबिवलीतही. त्यामुळे मानपाड्यात आज नवी लाकडी भट्टी टाकायच्या विचारात असलेल्याने "आपण तर मुंबईत नाही" असं म्हणून निर्धास्त राहू नये.

बेकरीच्या धुरातला खरा त्रास लाकडापेक्षा कसलं लाकूड याचा आहे. जुनं फर्निचर, पॅकिंगच्या पेट्या, दारं-खिडक्या असं भंगार लाकूड स्वस्त मिळतं. त्याला रंग, पॉलिश, प्लायचा गोंद चिकटलेला असतो, आणि जळताना फॉर्मल्डिहाइडसारखे वायू आणि रंगातले जड धातू हवेत जातात. घरच्या बंबालाही हेच लागू आहे. तुटलेलं प्लायचं कपाट बंबात घालणारे आपल्या ओळखीत असतातच.

कचरा जाळला तर मात्र दंड

शेकोटी बहुतेक वेळा नुसत्या लाकडाची नसते. त्यात पालापाचोळा, पुठ्ठे, प्लॅस्टिक, कधी टायरही पडतो. इथे नियम स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली. झाडलेला पाला जाळू नका, असं सफाई कामगारांना बजावण्याची जबाबदारीही पालिकांवर टाकली. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला पूर्ण बंदी करत रक्कमही ठरवून दिली. साध्या प्रकरणात ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार.

म्हणजे वॉचमनने सुकी लाकडं जाळली तर कायद्यात ठोस काही सापडणार नाही, पण त्यात दुधाच्या पिशव्या टाकल्या की तो दंडाला पात्र. दोन्ही वेळा तो थंडीनेच कुडकुडत असतो, ही गोष्ट वेगळी. दिल्ली परिसरात हवा बिघडल्यावर लागू होणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या आराखड्यात या मुद्द्याचा विचार दिसतो. तिथे निवासी संघटनांना सांगितलं जातं की रखवालदारांना विजेचे हीटर द्या, म्हणजे ते शेकोटी पेटवणार नाहीत. आपल्या सोसायट्यांना यासाठी आदेशाची वाट बघायची गरज नाही. एका ठरावात होणारं काम आहे.

शेजाऱ्याच्या धुराने खरोखर आजारी पडायची वेळ आली तर भारतीय न्याय संहितेची वाटही आहे. कलम २८० नुसार परिसरातली हवा आरोग्याला घातक होईल अशी दूषित करणं हा गुन्हा आहे, दंड एक हजारापर्यंत. सार्वजनिक उपद्रवासाठी कलम २९२ आहे, तिथेही कमाल दंड तेवढाच. एवढ्यासाठी पोलीस ठाण्यात जाण्याआधी जिना उतरून शेजाऱ्याशी बोललेलं बरं.

धूर सगळ्यात आधी कोणाच्या छातीत जातो?

घरगुती इंधनाच्या धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा धूर शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी चुलीपुढे बसलेल्या बाईने आणि तिच्या मुलाने घेतलेला असतो. भारतात पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. बंद खोलीतली चूल या दोन्ही मर्यादा सहज ओलांडते. लाकूड ओलं असेल तर आणखी वाईट, कारण आधी पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते, आग नीट पेटत नाही आणि अर्धवट जळलेलं सगळं धूर होऊन बाहेर पडतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के कुटुंबं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. शहरात हे प्रमाण आणखी वर जातं. मग मानपाड्यात चूल कोण पेटवतं? जंगलाच्या कडेच्या आदिवासी पाड्यांवरची कुटुंबं, इमारतींच्या साइटवरचे मजूर, आणि सिलिंडर असूनही तो महिनाभर पुरवायचा म्हणून पाणी लाकडावर तापवणारी घरं. टेरेसवर हौसेने बार्बेक्यू लावणारेही आहेत, पण त्यांना पर्याय आहे. बाकीच्यांना बंदीचा कागद दाखवून गॅस मिळणार नाही.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने हजारो माणसं गेली. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि स्थानिक पालिकांना 'धूर नियंत्रण क्षेत्र' जाहीर करता येऊ लागलं. आपल्या १९८१ च्या कायद्यातलं मान्यताप्राप्त इंधन आणि उपकरण हे त्याच धाटणीचं. पण त्या ब्रिटिश कायद्यात आणखी एक कलम होतं. घरातली शेगडी बदलायला जो खर्च येईल त्यातले दहापैकी सात हिस्से पालिकेने द्यायचे, आणि त्यातला मोठा वाटा सरकारने उचलायचा. बंदी आणि पैसे एकत्र आले. आपण पहिला भाग घेतला, दुसरा विसरलो.

सध्या हातात काय आहे?

साइटवरच्या चुलींसाठी थेट बिल्डरला विचारा. बांधकाम कामगारांच्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या कायद्यातल्या कलम ३४ नुसार मजुरांच्या तात्पुरत्या निवासात स्वयंपाकाची स्वतंत्र जागा देणं मालकावर बंधनकारक होतं. ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. परगावच्या मजुराला हे बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. गरीब कुटुंबातल्या महिलेच्या नावावर जोडणी नसेल तर २०१६ पासूनची उज्ज्वला योजना आहे. पाइप गॅसची लाइन इमारतीपर्यंत आली असेल तर महानगर गॅसकडे अर्ज करता येतो.

कचरा जळताना दिसला तर वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढा. ठाण्यातल्या मानपाड्यासाठी माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती आहे, डोंबिवलीकरांनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या आपल्या प्रभाग कार्यालयात जावं. बेकरी, हॉटेल किंवा कारखान्याचा धूर असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही तक्रार करता येते, आणि मंडळाची प्रादेशिक कार्यालयं ठाणे आणि कल्याण अशी वेगवेगळी आहेत. त्या दिवशीची हवा किती वाईट होती हे केंद्रीय मंडळाच्या 'समीर' ॲपवर दिसतं. तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.